हमीदभाईंचा तांबडा

हमीदभाईंना माणसांपेक्षा पडद्यांचा राग जास्त यायचा. टीव्हीचा पडदा असो, कॉम्प्युटरचा असो, बँकेत खिडकीमागे ठेवलेला असो. कुणी चहाला बोलावलं तरी हा माणूस आधी घरातल्या टीव्हीसमोर जाऊन उभा राहायचा. खिशातून पांढऱ्या कागदाची घडी काढायची, ती पडद्याच्या कडेला धरायची आणि घरमालकाला विचारायचं, "हे पांढरं हाय. तुमचं पांढरं कुठं हाय?" घरमालक बापडा एकदा कागदाकडे बघायचा, एकदा पडद्याकडे. तोपर्यंत भाईंनी मागची बटणं पिळायला सुरुवात केलेली असायची आणि चहा गार व्हायचा.

"पांढरं सांभाळा," म्हणायचे, "बाकीचे रंग आपोआप वळणावर येत्यात. पांढरंच खोटं आसंल तर पुढं सगळं खोटं."

दिंद्रुडच्या बाजारात भुसार दुकानाच्या मागच्या अंगाला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. आमचं गाव तिथून जवळच. मी त्या वेळी गावातल्या महिला दूध संस्थेची सचिव होते, म्हणजे सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचं, फॅट काढायची, आणि तालुक्याच्या दूध संघाच्या लोकांनी कान उपटले की ते उपटून घ्यायचे. संस्थेचे, सभांचे, सभासदांचे सगळे फोटो हमीदभाईंकडे. दुसरीकडे जायची सोय नव्हती असं नाही. बाजारात आणखी एक दुकान होतं, तिथे गोड बोलायचे, खुर्ची द्यायचे. पण तिथून आणलेल्या फोटोत आमच्या सगळ्या बायका एकाच रंगाच्या दिसायच्या, गव्हाच्या कणकेसारख्या. भाईंच्या फोटोत प्रत्येकीचा रंग तिचा तिचा असायचा.

त्यासाठी शिव्या मात्र खाव्या लागायच्या. दुकानात भाई कायम राखी रंगाचा शर्ट घालून बसत. आधी मला वाटायचं, एकच शर्ट असेल. मग कळलं, तसले बरेच होते. रंगीत शर्टाचा उजेड काचेवर पडतो आणि रंग बिघडतो, म्हणून राखी. दाराला जाड पडदा. ट्यूबलाइट मॉनिटरच्या मागे. लाल लुगडं नेसून कुणी बाई आली की भाई हात करायचे, "तिकडं, तिकडं, भिताडाकडं सरक माय. तुजं लुगडं माज्या काचंवर यायलंय." आणि काचेला बोट लावलं तर संपलंच. फोटोतलं आपलं माणूस दाखवायला सगळ्यांचंच बोट पुढं जातं, "हा बघा आमचा दादा." भाई असे ओरडायचे की बाहेर भुसारवाल्याच्या हातातलं माप थांबायचं. "हात मागं! काच हाय का तुज्या घरचं ताट?" मग खिशातून मऊ फडकं काढून, तोंडाची वाफ देऊन, ते बोट पुसून काढायचे. त्या फडक्यानं दुसरं काही पुसलेलं मी कधी पाहिलं नाही.

तो मॉनिटरही जुना होता, मागे भलंमोठं पोट असलेला, दोघांनी उचलावा लागणारा. तोवर सगळीकडे सपाट पडदे आले होते. पोरं भाईंना चिडवायची, "भाई, हा डबा भंगारात द्या की." भाई चिडायचेच. "सपाट पडद्याला काळं जमतंय का आधी विचार जा. रातीचं आभाळ दाखिव म्हनलं तर राख दाखिवतो. सांजच्या आभाळाच्या पायऱ्या करतो, जिना चढल्यावानी. आन् समोरून एक, बाजूनं दुसरं, खालनं तिसरंच!"

हे खालचं आम्ही एकदा डोळ्यांनी बघितलं. संघाची वार्षिक सभा होती. चेअरमनसाहेबांनी नवा सपाट पडदा आणला होता, त्यावर वर्षभराचं काम दाखवायचं होतं. पुढाऱ्यांना खुर्च्या, पडद्याच्या बरोबर समोर. आम्ही बायका खाली सतरंजीवर, पडदा आमच्या डोक्याच्या वर. पहिलाच फोटो चेअरमनसाहेबांचा आला आणि आमच्यात जे हसू फुटलं ते थांबेना. खालून बघताना साहेबांचं तोंड काळंठिक्कर, दात तेवढे निळसर, आणि डोक्यावरच्या पागोट्याचा रंग उलटा झालेला. खुर्चीवाल्यांना काही कळेना. त्यांना साहेब गोरेगोमटे दिसत होते. चेअरमन तापले, "बायकांना सभेची शिस्त नाही!" तेव्हा भाई कॅमेरा गळ्यात घेऊन कोपऱ्यातून पुढं आले.

"हसतील न्हाई तर काय! तुमी खाली बसून बघा जरा. ह्यो पडदा खुर्चीवाल्यासाठीच बनिवलाय. खाली बसणाऱ्याला त्यात काळंच दिसणार."

एक-दोन संचालक खरंच खाली वाकून बघायला लागले आणि त्यांनाही हसू आवरेना. चेअरमनसाहेबांनी पुढं वर्षभर भाईंना संघाचं एक काम दिलं नाही. भाईंनी मागितलंही नाही.

लग्नाळू पोरींच्या फोटोंवरून तर त्यांची रोज कुणाशी तरी जुंपायची. एकदा मी तिथंच होते. मुलाची आई आली होती, मुलीचा फोटो भाईंच्या मॉनिटरवर बघायला. बाईंनी नाक मुरडलं. "जरा उजळ करा की हो. पोरगी लई काळवंडलेली दिसायली." मुलगी बाहेर ओट्यावर बापाजवळ बसलेली, तिला सगळं ऐकू जात होतं. भाईंनी हात मॉनिटरच्या मागं नेला. बटण पिळलं. मुलगी उजळली. "अजून?" "हां, थोडी अजून." पुन्हा पिळलं. कपाळ गेलं. पुन्हा पिळलं. नाकाची रेघ गेली, गाल गेले, पडद्यावर नुसत्या दोन भुवया आणि एक टिकली उरली.

"घ्या," भाई म्हणाले. "झाली का पसंत? आता तुमच्या पोराला बी घिऊन या. त्याला बी पुसून देतो."

बाई फणकाऱ्यानं निघून गेल्या. भाईंनी बटण जागेवर आणलं आणि बाहेर ओट्याकडे बघून, आवाज चढवूनच, म्हणाले, "पोरी, तुजा रंग माज्या पडद्यावर हाय तसा हाय. जा घरी, जेव." त्यांचं प्रेमसुद्धा असं खेकसूनच बाहेर यायचं.

आता दुष्काळाचं सांगते. सांगताना माझा आवाज चढेल, तो मी खाली आणणार नाही.

त्या वर्षी ज्वारी गुडघ्याएवढी झाली आणि कणसात यायच्या आधीच उभी वाळली. शिवारात नजर टाकावी तिकडे पिवळं. विहिरीत गाळ. टँकर आला की हंड्यांची झोंबाझोंबी. गावातली निम्मी माणसं कोयता घेऊन कारखान्यावर गेलेली, मागे उरलेल्या म्हाताऱ्या, आम्ही आणि जनावरं. गयाबाई त्यातलीच. तिचा नवरा आणि मुलगा ऊसतोडीला गेले होते. ती दरवर्षी त्यांच्याबरोबर जायची, त्या वर्षी राहिली, कारण तिची गाय गाभण होती. लाल कंधारी जातीची. शेंगदाण्याच्या टरफलाच्या आतला असतो तसा रंग. तिचं नावच तांबडी. गयाबाई मला म्हणायची, "ताई, चारा भेटला तर येवढी व्याऊ दे माजी तांबडी. मंग मला काय बी न्हाई लागत." आणि कडबा संपत आला होता.

आमच्या संस्थेनं ठरवलं, चारा छावणी मागायची. छावणी झाली की जनावरांना दावणीला चारा-पाणी मिळणार, बाजारची वाट धरावी लागणार नाही. प्रस्ताव केला. कचेरीतून निरोप आला: पिकांचे, विहिरींचे आणि मालकासह जनावरांचे फोटो सीडीवर द्या. कागदावरचे फोटो नकोत, आता सगळं कॉम्प्युटरवर बघतात. कोणती कचेरी ते मी सांगणार नाही. तिचं नाव घेऊन मला तोंड विटाळायचं नाही.

हमीदभाई आले. दुपारभर शिवार तुडवलं, विहिरींचे फोटो काढले, जनावरांचे काढले. गयाबाईनं टँकरच्या पाण्यात पदर भिजवून तांबडीचं अंग पुसलं, तर तिच्यावर ओरडले, "पाणी कावून नासायलीस?" मग तांबडीसमोर उभे राहिले, कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला. ऊन कलायला लागलं होतं.

"उद्या येतो."

"भाई, आत्ताच काढा ना," मी म्हटलं. "एकाच फोटोसाठी पुन्हा कशाला येता?"

"सांजच्या उन्हात समदंच तांबडं दिसतंय. लबाड ऊन हाय ते. उद्या सकाळी येतो."

गावातला एक शहाणा म्हणाला, "भाई, ह्या उन्हात रान अजून वाळल्यालं दिसंल. आपल्या फायद्याचंच हाय की."

भाई गर्रकन वळले. "हाय तेवढं वाळल्यालं कमी हाय का बे? त्याच्यावर अजून माजा रंग लावू?"

दुसऱ्या दिवशी ते सकाळी पुन्हा चालत आले आणि तांबडीचा फोटो काढून गेले. गयाबाई गायीच्या मानेवर हात ठेवून उभी, डोक्यावर पदर, लग्नातल्या फोटोत असावी तशी ताठ.

प्रस्ताव गेला. आम्ही वाट बघत बसलो. गयाबाई घराच्या छपराचं पाचट काढून गायीला घालायला लागली होती, तेव्हा कचेरीचं उत्तर आलं. नामंजूर. कारण काय, तर फोटोत उभं पीक हिरवं दिसतंय, म्हणजे गावात हिरवा चारा आहे. आणि यादीत गाय लाल लिहिली आहे, फोटोत काळी आहे. म्हणजे फोटो दुसरीकडचे. म्हणजे आम्ही खोटारडे.

मी ते उत्तर संस्थेत वाचून दाखवलं आणि बायकांत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, भाईनं सीडी बदलली असेल. कुणी म्हणालं, दुसऱ्याच गावाची घातली. त्या सभेनंतर चेअरमनचं आणि त्याचं फाटलंय, मुद्दाम केलं असेल त्यानं. ज्या माणसानं एका फोटोसाठी दोनदा पायपीट केली त्याच्याबद्दल हे बोलणं! मी भांडले सगळ्यांशी. पण बोललेलं दिंद्रुडपर्यंत गेलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या वेळेला हमीदभाई संस्थेच्या दारात उभे. बायका कासंड्या घेऊन रांगेत. कुणाला सलाम नाही, काही नाही.

"काय दिसलं म्हनं साहेबाला? पिवळ्याचं हिरवं? आन् तांबड्याचं काळं?"

मी हो म्हटलं.

"दोनीचं कारन येकच हाय. दार लावा."

दूध ठेवायची ती खोली, खिडकी नाही, दार लावलं की अंधार. भाईंनी पिशवीतून दोन बॅटऱ्या काढल्या. एकीच्या तोंडाला पतंगाचा लाल कागद बांधलेला, दुसरीला हिरवा. चुन्याच्या भिंतीवर दोन्हींचा उजेड एकावर एक टाकला. एकदम बायका "अगं बाई!" करून ओरडल्या. लाल आणि हिरवा मिळून भिंतीवर पिवळा पडला होता, वाळल्या ज्वारीसारखा.

"पडद्यामंदी पिवळा रंग ठिवलेला नसतो. तांबडा, हिरवा आन् निळा, तीनच उजेड. त्याच्यातच समदी दुनिया करायची. आता बघा." त्यांनी लाल बॅटरीवर तळवा ठेवला. भिंत हिरवी झाली. तळवा काढला, पिवळी. ठेवला, हिरवी.

"ही तुमची ज्वारी. आता ही गाय." हिरवी बॅटरी विझवली. भिंतीवर नुसता लाल उजेड. त्याच्यावर तळवा ठेवला. अंधार.

गयाबाई पुढं येऊन म्हणाली, "मंजी माजी तांबडी त्येंच्या पडद्यात मेली."

"तांबडी न्हाई मेली. त्येंचा तांबडा मेलाय," भाई म्हणाले. "आन् खोटा मी ठरलोय."

मी आणि भाई त्याच दिवशी एसटीनं कचेरीत गेलो. भाईंनी सगळ्या फोटोंच्या कागदी प्रतीही घेतल्या होत्या. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं न बघितलं, बाजूला सारल्या. म्हणाले, "प्रिंटवर काय, कुणीही रंग बदलतं. तुम्ही स्टुडिओवाले. तुमचा धंदाच तो. मी कॉम्प्युटरवर स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय."

मी भाईंकडे बघितलं. मानेची शीर टरारली होती. पण आवाज खाली ठेवून म्हणाले, "साहेब, कोरं पान उघडा फकस्त." बाजूच्या बाबूनं उघडलं. भाईंनी खिशातला कागद काढून काचेला लावला. इतका वेळ मलाही ते पान पांढरंच वाटत होतं. कागद शेजारी आला आणि दिसलं, पान निळसर हिरवं होतं, शेवाळलेल्या हौदातल्या पाण्यासारखं.

"असाच आहे तो," बाबू म्हणाला. "मागं कचेरीला रंग दिला, टेबलं हलवली, तेव्हापासून. डोळ्याला गार वाटतं."

डोळ्याला गार वाटतं! आमच्या गावात जनावरं छपराचं पाचट खात होती आणि यांच्या डोळ्याला गार वाटत होतं. त्यांना रोज तेच बघून सवय झाली होती, हे मी समजू शकते. पण एकदाही कुणी उठून खिडकीतून बाहेर बघितलं नाही? बाहेर काय हिरवं होतं? कचेरीच्या आवारातला कडुलिंबसुद्धा धुळीनं पांढरा पडला होता.

भाई कुणाला न विचारता टेबलाच्या मागे गेले. मॉनिटरच्या वायरीचा मागचा जोड चाचपला. टेबल हलवताना तो तिरका बसला होता, आतली एक पिन वाकलेली. "फोटो लावा," म्हणाले. बाबूनं लावला. हिरवंगार शिवार. भाईंनी अंगठ्यानं वायर दाबली आणि माझ्या डोळ्यांसमोर ते शिवार जळून गेलं. पिवळं, करपलेलं, आमचं शिवार. अंगठा सोडला, हिरवं. पुढचा फोटो लावला. गयाबाई आणि काळी गाय. दाबलं, तांबडी. सोडलं, काळी. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक उठून आले. भाई टेबलामागून वाकून, घामानं निथळत, ओरडायला लागले:

"बघा! दाबलं की दुष्काळ, सोडलं की सुकाळ! बघून घ्या! दाबलं की दुष्काळ, सोडलं की सुकाळ!"

लोक हसले. साहेबांचा चेहरा पडला. तिथं थांबायला हवं होतं. मी भाईंची बाही ओढली. पण भाई थांबणाऱ्यांतले नव्हते. टेबलामागून बाहेर आले आणि साहेबांच्या तोंडासमोर कागद नाचवत म्हणाले, "पडद्याचा तांबडा मेला, त्याचं मी समजू शकतो. तुमचे डोळे कवा मेले? आंधळ्या मानसा, गाय काळी दिसली तर येकदा गावात येऊन बघायचं व्हतं!"

हसणं बंद झालं. साहेब उभे राहिले. "सरकारी वस्तूला हात लावायची परवानगी यांना कुणी दिली?" शिपायानं भाईंचा दंड धरला. मी हात जोडले. साहेब माझ्याकडे बघून थंडपणे म्हणाले, "जुना निर्णय बदलता येत नाही. नवीन प्रस्ताव करा. नवीन फोटो काढा. नियमाप्रमाणे बघू."

परतताना एसटीत मी भाईंशी भांडले. "बरोबर होतात ना तुम्ही? दिसलं होतं ना सगळ्यांना? मग आंधळा म्हणायची काय गरज होती?"

"मंग काय म्हणायचं व्हतं?"

"काहीच म्हणायचं नव्हतं! तोंड बंद ठेवायचं होतं. आता तो फाईल दाबून बसेल. तुमची जीभ होते मोकळी, जनावरं आमची मरतात."

मला वाटलं, आता भाई माझ्यावर ओरडतील. नाही ओरडले. मी मात्र गाव येईपर्यंत बोलत होते. मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं. आणि हेही वाटतं की त्या कचेरीत आयुष्यात एकदा तरी कुणीतरी ते म्हणायला हवंच होतं. दोन्ही खरं आहे, त्याला मी काय करू?

फाईल दाबली गेलीच. भाईंनी नवे फोटो काढून दिले, पैसे घेतले नाहीत. तोवर जनावरांनी ज्वारीची उभी वाळलेली ताटंही मुळापासून खाल्ली होती, रानं उघडी पडली होती. त्यावर कचेरीचा नवा शेरा आला: फोटोत पीकच दिसत नाही, तर पेरा झाला होता हे कशावरून? मी तो शेरा वाचला तेव्हा हातातलं मापटं भिंतीवर फेकून मारलं. पोचा आला त्याला. अजून संस्थेत आहे ते.

त्या आठवड्याच्या बाजारी गयाबाई तांबडीला घेऊन गेली. पहाटे गेली, कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी मी संस्थेच्या दारात होते, तर ती समोरून आली. हातात नुसतं दावं. पोटुशी गाय कुणी घेतली, कुठं नेली, मी विचारलं नाही. ती म्हणाली, "दावं मागून घेतलं ताई. त्येनं दिलं." आणि घराकडे गेली.

छावणी मंजूर झाली त्यानंतर. मांडव पडला, नारळ फुटला, साहेब आले, हार घेतला. म्हणाले, शासन तुमच्या पाठीशी आहे. कचेरीतून फोटोवाला आला होता, हमीदभाईंना कुणी बोलावलं नव्हतं. गावात उरलेल्या जनावरांपेक्षा मांडवातले पुढारी जास्त होते. गयाबाई आली नाही. कशाला येईल?

ऊसतोड संपून तिचा नवरा परत आला. आल्या आल्या गोठ्यात जाऊन बसला म्हणे नुसता. पुढे दोनेक दिवसांनी गयाबाई माझ्याकडे आली. "ताई, दिंद्रुडला चलता का? समदे म्हनत्यात साहेबाला काळी दिसली, काळी दिसली. आयकून आयकून मला बी सपनात काळीच याया लागली. मला येकदा बघायची हाय."

आम्ही गेलो. भाईंनी तिला बघितलं आणि काय हवंय ते न सांगताच उठले. दाराचा पडदा ओढला, मॉनिटर लावला. गयाबाई पुढं सरकली तर म्हणाले, "थांब माय. तापू दे त्याला. तापल्याबिगर तांबडा खरा येत न्हाई." आम्ही बसून राहिलो. भाईंनी चहा मागवला. कोरं पान उघडून कागद लावून बघितला, बटण जरा फिरवलं, पुन्हा कागद लावला. मग तो फोटो उघडला.

तांबडी. सकाळच्या उन्हातली, शेंगदाण्याच्या टरफलाच्या आतल्या रंगाची. मानेवर गयाबाईचा हात.

"हां," गयाबाई म्हणाली. "हीच." आणि तिनं बोट काचेवर ठेवलं. मी भाईंकडे बघितलं. बोट शिंगावरून निघालं, वशिंडावरून पाठीवर गेलं, पाठीवरून खाली पोटापाशी आलं आणि तिथंच थांबलं. माझे कान भाईंच्या ओरडण्याची वाट बघत होते. भाई भिंतीला टेकून उभे होते. फडकं हातात होतं, तसंच राहिलं.

"एक कागदावर काढून देऊ का?" त्यांनी विचारलं.

"नगं भाई. घरी कुठं लावू? रोज बघवंल का?"

ती डोळे पुसून बाहेर गेली. मी मागोमाग निघाले.

भाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. पुढे ते दुकान बंद करून परभणीला लेकीकडे गेले. त्या दिवशी मी संस्थेच्या निवडणुकीसाठी माझा फोटो काढायला गेले होते. आत गिऱ्हाईक होतं, मुलाचं लग्न जमवायला निघालेला कुणीतरी, कडक इस्त्रीचा. मॉनिटर बंद होता आणि दारातून येणाऱ्या उजेडात काचेवर एक ओढलेली रेघ स्पष्ट दिसत होती, वरून खाली वळत गेलेली. बाकी काच लख्ख. त्या माणसानं सौजन्यानं खिशातला रुमाल काढला आणि हात पुढं केला.

"हात मागं घे बे!" भाई असे ओरडले की बाहेर भुसारवाल्यानं मान आत घालून बघितलं.

"अहो, डाग पडलाय भाई. पुसतो."

"डाग न्हाई ते! पुसलंस तर याद राख!"

तो माणूस घाबरून मागे सरला. भाईंनी खिशातून आपलं मऊ फडकं काढलं, काचेवर तोंडाची वाफ दिली आणि बडबडत, शिव्या देत, कडेकडेनं सगळी काच पुसून काढली, ती रेघ तेवढी सोडून.